पापणीच्या मुळाशी

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोरी,

माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच फाडशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या मुलीकडून लिहून घेतला. आता आतलं अक्षर दिसलंच आहे, तर एवढी दोन पानं वाच. मग काय करायचं ते कर. फोन तू उचलत नाहीस.

घरात आवराआवर काढली होती. तुझी एक पेटी सापडली. शाळेची पुस्तकं, पोहण्याच्या स्पर्धेचं प्रशस्तिपत्रक, असलं काहीबाही. ठेवू की पाठवू, एवढंच विचारायला लिहिते आहे.

दवाखान्यात सगळं तसंच. मोठे डॉक्टर गेल्या वर्षी घरी बसले. त्यांच्या जागी नव्या बाई आल्यात, वयानं तुझ्याएवढ्या. मंगळवारी त्या फक्त लहान मुलं बघतात. माझं काम तेच. डॉक्टरांच्या आधी डोळ्यांत थेंब घालायचे, अर्धा तास बसवायचं, पुन्हा घालायचे. मुलं मला थेंबवाली म्हणतात आणि मी दिसले की भोकाड पसरतात. चोवीस वर्षांत माझ्याइतकी बदनामी त्या गल्लीत कुणाची झाली नसेल.

आज एक काचवाले आले होते, खिडक्यांना काचा बसवतात ते. बरोबर सात वर्षांची मुलगी. खोलीत आली ती थेट टेबलाखाली शिरली. बापाची पंचाईत. म्हणाले, "दोन वर्षं झाली. कुणी म्हणतं डोळे आलेत, कुणी म्हणतं ॲलर्जी. शाळेतून घरी पाठवतात, बाकीच्यांना लागेल म्हणून. पोरं हिला वटवाघूळ म्हणतात."

बाईंनी दिवा मालवला आणि स्वतः टेबलाखाली जाऊन बसल्या. मांडी घालून, फरशीवर! पाच मिनिटं दोघींचं काय बोलणं झालं देव जाणे, पण मुलगी बाहेर आली. मग बाईंनी डोळा बघितलाच नाही. पापणी बघितली. मोठे डॉक्टर सरळ बुब्बुळाकडे जायचे. ह्या म्हणाल्या, "घरात नंतर शिरू. आधी चौकट बघू." केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे होते. कापसाच्या काडीनं पापणीची कड हलकेच दाबली, तर आतून दात घासायच्या पेस्टसारखं काहीतरी आलं. काचवाल्यांनी तोंड फिरवलं.

"हे तेल आहे," बाई म्हणाल्या. "पातळ यायला हवं, घट्ट झालंय. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या तुंबून सुजल्यात. जुना दाह आहे हा. पापणी आजारी, म्हणून डोळ्याचा वरचा पडदा सोलवटतो आणि उजेड सहन होत नाही. हे कुणाला लागत नाही. शाळेसाठी चिठ्ठी देते."

मग मी उपकरणं उकळायच्या खोलीत जाऊन उभी राहिले. काम होतं.

तुझी लेक भिंगरी मजेत असेल. उन्हात डोळे नीट उघडते ना? सहज विचारलं.

पेटीचं कळव.


५ फेब्रुवारी, गुरुवार

पोरी,

परवाचं पत्र अजून तुला मिळालं नसेल आणि मी दुसरं लिहायला बसले. चैन पडत नाही. सकाळपासून दोनदा भात करपवला.

पेटीबिटी काही नाही. ती तू जाताना नेलीस. मला निमित्त हवं होतं.

खरं कारण असं की भिंगरीचे फोटो माझ्याकडे आहेत. जावईबापू पाठवतात. वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसाच्या आसपास. वर एक अक्षर नाही, नुसता फोटो. त्यांच्यावर चिडू नकोस. पहिल्या वर्षी मी हातापाया पडले म्हणून त्यांनी सुरू केलं. तुझ्या मागे ते तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललेले नाहीत. बोलतील कशाला, ते तसेही महिन्याला दहा शब्द बोलतात.

यंदाच्या फोटोत पाच मुलं भिंतीवर बसली आहेत. चार कॅमेऱ्याकडे बघतात. भिंगरी खाली बघते. मला वाटलं, लाजते. काल फोन डोळ्यांशी नेऊन बघितलं. ती लाजत नाही, उन्हाकडून तोंड चुकवते आहे. डाव्या पापणीवर गाठ आहे. मागच्या वर्षीच्या फोटोत उजवीवर होती. तेव्हा मी म्हटलं होतं, रांजणवाडी असेल, सगळ्या पोरांना होते.

मला एवढंच सांग. रांजणवाडी कितीदा झाली? सकाळी पापण्या चिकटतात का? डोळे सारखे मिचकावते का? एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त लाल असतो का? चोळते का?

शेवटचा प्रश्न मी कुठल्या तोंडानं विचारतेय, ते मला माहीत आहे.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

पोरी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तरी कुठे सगळं सांगितलं आहे?

तू सहा वर्षांची होतीस. दोन्ही डोळे लाल, डावा जास्त. कोपऱ्यातल्या औषधवाल्यानं थेंब दिले. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र! मी त्याला देवमाणूस म्हटलं. थेंब थांबवले की आठवड्यात पुन्हा लाल. पुन्हा तीच बाटली. असं वर्षभर, कुणाला न विचारता. मग तुला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "चोळते. घाणेरडे हात लावते. सवय मोडा, आपोआप बरं होईल." मोठा माणूस, मोठं नाव. मी ते शब्द देवाज्ञेसारखे घरी आणले.

तू विसरली नसशील. तरी मी माझ्या हातानं लिहिते, कारण मी ते कधी तोंडानं कबूल केलं नाही. शाळेतून आलीस की तुझ्या हातांत पायमोजे चढवायचे. मनगटाशी फीत बांधायची. दुपारी झोपताना ती फीत खाटेच्या दांडीला. तू म्हणायचीस, "आई, आत वाळू आहे." मी म्हणायचे, "हातानंच जाते ती आत." काय हुशार उत्तर वाटायचं मला ते! शेजारणींना सांगायचे.

दीड वर्ष बांधले तुझे हात. त्याच दिवसांत दवाखान्यात झाडायच्या कामाला लागले, डॉक्टर हाताशी असावेत म्हणून. झाडता झाडता थेंब घालायला शिकले. रोज दुसऱ्यांच्या मुलांचे डोळे धुवायचे आणि घरी येऊन तुझे हात बांधायचे. एवढं करून डाव्या डोळ्यात फूल पडलंच, बुब्बुळावर पांढरा डाग.

आणि मग बंदरावरचा तो दिवस. क्रेनच्या नोकरीची लेखी परीक्षा तू पास झालीस, क्रेन चालवून दाखवलीस, वर केबिनमध्ये एकदाही न थांबता चढलीस. उरली फक्त डोळ्यांची तपासणी. तपासणाऱ्यानं विचारलं, "हा डोळा कशानं गेला?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "स्वतःच्या हातानं घालवला हो. लहानपणापासून चोळायची खोड." चाळीस मुलं रांगेत उभी होती. कुणीतरी हसलं. तू घरी येऊन कपडे भरलेस. मला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. सात वर्षं झाली.

काल मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेला तुझा जुना कागद मी नव्या बाईंपुढे ठेवला. अजून जपून ठेवला होता, पिवळा पडलाय. म्हटलं, ओळखीच्या एका मुलीचा आहे. त्यांनी दोनदा वाचला. "चोळण्याची सवय" ह्या शब्दांवर बोट ठेवून म्हणाल्या, "पापण्यांबद्दल एक ओळ नाही. वारंवार गाठी, उजेड नको, थेंबांनी तात्पुरतं बरं, बुब्बुळाच्या खालच्या अंगाला डाग. ही चोळायची, कारण डोळा टोचत होता. चोळल्यानं हा आजार होत नाही. वेळेत औषध मिळालं असतं तर फूल पडलं नसतं."

मी विचारलं, "हात बांधून काही उपयोग झाला असता का?"

त्यांनी कागद खाली ठेवला. "हात बांधले होते तिचे?"

"कोण तुमची ही?" त्यांनी पुढे विचारलं. मी म्हटलं, "भाची."

तुला भाची केलं मी. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

तुझी चूक नव्हती. हे मी तुला त्या बंदरावर, त्या चाळीस जणांसमोर सांगायला हवं होतं. आता कागदावर सांगते. तुझी चूक नव्हती.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

पोरी,

तुझं कार्ड मिळालं. "तिला दाखवलंय. ॲलर्जी आहे. थेंब चालू आहेत. पुन्हा लिहू नकोस." दहा शब्द. अक्षर अजून तसंच उजवीकडे कललेलं.

लिहू नकोस म्हणालीस आणि मी लिहिते आहे. माझ्यावर रागावायला तुला आयुष्य पडलंय, रागव. पण हे वाच.

कुठले थेंब? किती दिवस? घातले की दोन दिवसांत पांढरं आणि थांबवले की पुन्हा लाल, असं होतं का? डोळ्यातला दाब कुणी मोजला का? तिची खालची पापणी अंगठ्यानं किंचित खाली ओढ आणि खिडकीपाशी केसांच्या मुळांकडे बघ. कोंडा आहे का, कड जाड आणि लाल आहे का, बारीक पिवळे ठिपके आहेत का. एवढंच बघ. ती आरडाओरडा करेल. बघू दिलंस तर गोष्ट सांगते म्हण. मी कधी म्हटलं नाही, तू म्हण.

काचवाल्यांची मुलगी आज तिसऱ्यांदा आली. पहिल्या वेळी टेबलाखाली, आज खिडकीजवळच्या बाकावर! रोज दोनदा गरम शेक, दहा दहा मिनिटं. मग पापणी वरून खाली हलकेच चोळायची, म्हणजे तुंबलेलं तेल सुटतं. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून मुळं पुसायची, पापणीला मलम लावायचं. काही महिने गोड औषध पोटात. दाह उतरवायचे थेंब हळूहळू कमी करत न्यायचे, आपल्या मनानं वाढवायचे नाहीत आणि आपल्या मनानं एकदम तोडायचेही नाहीत. मी तिला विचारलं, "घरी शेक घेतेस ना गं?" तर म्हणते, "रोज सकाळी माझे डोळे इस्त्रीला टाकतात." अख्खा दवाखाना हसला. मी पण. मग आत जाऊन तोंड धुतलं.

दोनदा तुमच्या गावच्या गाडीत बसले. दोनदा उतरले. वाहक म्हणाला, "आजी, चढायचं की उतरायचं ते एकदा ठरवा." मी म्हटलं, ठरलंय रे, पायांना कळत नाही.


१० मार्च, मंगळवार

पोरी,

आधी कामाचं. थेंबांच्या बाटलीचा फोटो मी जावईबापूंकडे मागितला आणि त्यांनी पाठवला. शिव्या मला घाल. बाटली बघितली आणि फोटो मोठा करून नाव पुन्हा वाचलं. कंपनी वेगळी असेल, झाकण वेगळं, पण औषध तेच, जे मी तुला वर्षभर घातलं. त्यांनी खाली लिहिलंय, "साडेचार महिने." हे त्यांचे या महिन्याचे दोन शब्द.

मी थेट बाईंच्या खोलीत शिरले, पेशंट बसलेला असताना. त्यांनी फोटो बघितला. मी विचारलं, "विष आहे का हे?"

"विष नाही. चांगलं औषध आहे, कामाचं आहे. मी पण देते. पण जोरकस आहे, आणि इतके महिने कुणी न बघता घालायचं नाही. काही मुलांच्या डोळ्यांत दाब वाढतो, बाहेरून काही कळत नाही. आणि मुळातली पापणी तशीच राहिली, म्हणून थांबवलं की परत येतं. मुलीला घेऊन या. आजच एकदम बंद करू नका म्हणावं, नाहीतर उसळेल. पण आठवड्याभरात कुठल्या तरी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघायला हवं. माझ्याकडेच आणा असं नाही."

मग म्हणाल्या, "ही पण भाचीच का?"

मी म्हटलं, "नात आहे. ती भाची माझी मुलगी आहे."

त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना ते आधीच कळलं असणार.

आणखी एक. काचवाल्यांच्या मुलीचं पुन्हा बिघडलं. डोळे छान दिसायला लागले म्हणून बापानं शेक बंद केला, पोटातलं औषध बंद केलं. आठ दिवसांत मुलगी परत टेबलाखाली. तो माणूस एवढा ओशाळला होता की मान वर करेना. पुटपुटला, "बरं झालं म्हणून थांबवलं हो." माझ्या जिभेवर चार शब्द आले होते. गिळले. त्या संध्याकाळी त्याच्या घरी गेले. सगळीकडे काचा उभ्या करून ठेवलेल्या, आणि मधोमध ती पोर डोळ्यांवर उशी धरून बसलेली, कारण प्रत्येक काच उजेड परत फेकते. आम्ही दोघांनी मिळून सगळ्या काचांवर चादरी टाकल्या. मग मी त्याला शेक कसा घ्यायचा ते दाखवलं. त्यानं विचारलं, "किती दिवस करायचं हे?" मी सांगितलं, दिवस मोजू नका. हे दात घासण्यासारखं आहे.

बाईंचा फोन नंबर आणि दवाखान्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. मंगळवारी ये. मी नको असेन तर त्या दिवशी मी रजा टाकते. खरंच टाकते. फक्त तिला आण, किंवा तिकडेच कुणाला दाखव. पण उशीर करू नकोस.


१८ मार्च, बुधवार

पोरी,

काल तू समोर होतीस आणि मला काही बोलता आलं नाही. आता तू तिथे आणि मी इथे, तर बोलते.

रजा मी टाकली नव्हती. खोटं बोलले. सकाळी सातपासून फाटकाशी उभी होते. तू रिक्षातून उतरलीस, भिंगरीच्या डोक्यावर तुझा रुमाल, ती तुझ्या पोटात तोंड खुपसून चालत होती. तू माझ्याकडे बघितलंस आणि पावती करायच्या खिडकीकडे गेलीस. मला वाटलं होतं, मी रडेन. मी तुझा नंबर किती येतो ते बघत बसले. सतरावा.

थेंब घालायची वेळ आली तेव्हा तू म्हणालीस, "हात धरायचे नाहीत तिचे." सगळ्यांसमोर म्हणालीस. बरं केलंस.

मी म्हटलं, "नाही धरत."

तिला आडवं केलं. म्हटलं, डोळे घट्ट मिट, उघडायचेच नाहीत. मी नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब ठेवते, तो तळ्यासारखा बसेल. तुला वाटेल तेव्हा डोळा उघड, तळं आत जाईल. तुला नको असेल तर वाहून जाऊ दे. तिनं खूप वेळ लावला. मागे बारा मुलं रांगेत, कंपाउंडर खुणावतोय. मग तिनं डोळा उघडला आणि म्हणाली, "गार आहे." मग तुझ्याकडे वळून, "ही आजी कोण आहे?"

तू म्हणालीस, "थेंबवाली."

खोटं नाही ते.

आत बाईंनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळा उजेड टाकला, तेव्हा तू बघितलंस ना? डाव्या बुब्बुळाच्या खालच्या कडेला हिरवे ठिपके, आणि काठावरून आत येणाऱ्या बारीक लाल शिरा. बाहुलीपर्यंत पोचलेल्या नाहीत. बाईंनी ते तीनदा सांगितलं, कारण तू तीनदा विचारलंस. दाब थोडा वाढलेला आहे. तुला घाबरवायला नको म्हणून त्या हळू बोलत होत्या, पण नंतर मला म्हणाल्या, "वेळेत आणली. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर मी असं बोलू शकले नसते."

जोरकस थेंब आता हळूहळू उतरवायचे, हलके सुरू करायचे, दुसरे थेंब बरेच महिने. ते झोंबतात. तिला आधी सांग की झोंबतील. नाही झोंबणार असं सांगू नकोस. पोरं एकदा फसली की दुसऱ्यांदा डोळा उघडत नाहीत.

जाताना तू फाटकाशी थांबलीस. मी काहीतरी बोलणार होते. तूच म्हणालीस, "मी माफ केलेलं नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"पुढच्या मंगळवारी दाब मोजायचाय."

"माहीत आहे."

एवढंच झालं आपलं बोलणं. मी रात्री जेवले, बऱ्याच दिवसांनी, पोटभर.


८ जुलै, बुधवार

पोरी,

काल तुम्ही गेल्यावर मी भिंगरीचा कागद पुन्हा काढून वाचला. दाब उतरलाय. शिरा सुकून रेघांसारख्या झाल्यात. डाव्या डोळ्यानं मार्चमध्ये तक्त्याच्या तीन ओळी वाचल्या होत्या, काल सहा. चष्मा चालूच ठेवायचा, आणि डाव्याला काम पडावं म्हणून उजव्या डोळ्यावरची पट्टीही, रोज दोन तास. पट्टी लावली की ती समुद्री डाकू होते आणि तू काम करतेस त्या गोदामातल्या लोकांना लुटते, हे तू बाईंना सांगत होतीस तेव्हा मी औषधांच्या कपाटाशी होते. तू हसलीस. कपाटाचं दार मी उगाच दोनदा उघडलं-मिटलं.

आता जे ऐकायला नको होतं, ते सांगते. बाईंनी तुला खुर्चीत बसवलं तेव्हा मी पडद्यामागे बाटल्या लावत होते. बाहेर जायला हवं होतं. गेले नाही.

बाई म्हणाल्या, "मुलीचं झालं. आता तुमचं बघू. डोळे कधीपासून दुखतात?"

तू म्हणालीस, "माझे नाही दुखत. डाव्यानं कमी दिसतं एवढंच, ते जुनं आहे."

"उन्हात?"

"उन्हात काय, सगळ्यांचेच दुखतात."

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे नाही दुखत."

मग विचारलंस, "सकाळी उठल्यावर उघडताना त्रास होतो, तो सगळ्यांना होत नाही?"

"नाही."

"संध्याकाळी काम संपेपर्यंत जळजळ?"

"रोज नाही. बहुतेकांना कधीच नाही."

मला तुझी पाठ दिसत होती. मग तू म्हणालीस, "मला वाटायचं, सगळ्यांचंच असं असतं. लोक बोलत नाहीत फक्त."

माझ्या हातात बाटली होती. ती मी कुठे ठेवली ते आजही सापडलेलं नाही. पंचवीस वर्षं, पोरी. रोज सकाळी. आणि बंदरावर तू तेच डोळे घेऊन क्रेनच्या केबिनमध्ये चढली होतीस.

बाईंनी तुझ्या पापण्या दाबल्या, तोच घट्ट पांढरा साका. फुलाचं आता काही होणार नाही, पण पापण्यांचं होईल, म्हणाल्या. मग बाहेर येऊन तू व्हरांड्यात कागद उलटसुलट बघितलास, माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, "ही गोळी जेवणाआधी की नंतर?" मी काहीतरी पुटपुटले आणि पुढचं मूल राहिलंय म्हणून आत पळाले. पुढचं मूल कुणी नव्हतं. मला उत्तर येत होतं, आवाज येत नव्हता.

म्हणून हे पत्र. गोळी जेवणानंतर घ्यायची. पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं पडायचं नाही, नाहीतर छातीत जळजळतं. दुधाबरोबर नको. भर उन्हात फिरायचं टाळ, ह्या गोळीनं कातडी लवकर भाजते. आणि भिंगरीच्या हाताला लागू देऊ नकोस, ही मोठ्यांची आहे, लहानांचे दात पिवळे पडतात. शेक दोघींनी एकदमच घ्या, फडकं मात्र वेगवेगळं. पहिल्या पंधरा दिवसांत काही वाटणार नाही. तुला वाटेल, थेंबवाली थापा मारते. तरी सोडू नकोस. दीड-दोन महिन्यांनी कधीतरी एक सकाळ अशी येईल की डोळे आपोआप उघडतील आणि तुला त्याची जाणीवच होणार नाही. थोड्या वेळानं, दात घासताना वगैरे, लक्षात येईल.

त्या दिवशी फोन कर. कुणाच्या डोळ्यात थेंब घालत असले तरी उचलीन.